अर्धशिशीची निमित्तं शोधताना

हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी, गणपतीची प्रतिष्ठापना चाललेली असते त्या सकाळी, एखाद्या घरात आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं असतं. खिडकीवर चादर टाकलेली असते. आत कुणीतरी कपाळाला ओढणी करकचून बांधून पडलेलं असतं. बाहेर झांजा वाजतात, आणि मोदक वळणाऱ्या बायकांपैकी एखादी हळूच म्हणते, "हिचं डोकं बरोब्बर सणालाच दुखतं."

म्हणणारीच्या मनात काय असेल ते असो, निरीक्षण अचूक आहे. सणालाच दुखतं. आदला दिवस निर्जळ उपवासाचा. पोटात अन्न नाही, पाणी नाही, आणि एरवी न चुकता दोनदा होणारा चहाही नाही. रात्री जागरण. पहाटे उठून डोक्यावरून न्हाणं, मग ओले केस तसेच बांधून उकडीच्या वाफेत उभं राहणं. धूप, उदबत्ती, कापूर. पाहुणे, पंगत, आणि काहीतरी राहून गेलं तर काय, ही धाकधूक. यातली एकेक गोष्टसुद्धा कुणाची तरी अर्धशिशी उठवू शकते. इथे सात-आठ जणी हात धरून आल्यात.

डॉक्टर यांना 'ट्रिगर' म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे: निमित्त. अर्धशिशीचं कारण मेंदूच्या घडणीत असतं. प्रकाश, आवाज, वास, झोप, भूक, अंतःस्रावांची चढउतार, या सगळ्यांना जास्त तीव्रतेने प्रतिसाद देणारा मेंदू काहींना जन्मतः मिळतो, बहुधा आई-वडिलांकडूनच. ते कारण आपल्याला बदलता येत नाही. निमित्तं मात्र ओळखता येतात, आणि त्यांतली काही टाळताही येतात.

घरातल्या विजेचं उदाहरण घ्या. गीझर चालू आहे, इस्त्री चालू आहे, ओव्हन तापतोय. अशात कुणी मिक्सर लावला की खटका पडतो आणि घर अंधारात जातं. दोष मिक्सरचा? काल एकट्या मिक्सरवर दोन वाट्या चटणी झाली होती. अर्धशिशीचंही असंच आहे. रात्री झोप पूर्ण झालेली असेल, नाश्ता वेळेवर झालेला असेल, तर दुपारचं ऊन सोसतं. तेच ऊन उपाशीपोटी आणि पाळीच्या आदल्या दिवशी सोसत नाही. म्हणून "मला उन्हाने होतं" असं कुणी म्हटलं की दुसरा पटकन म्हणतो, "मग परवा का नाही झालं?" दोघंही खरं बोलत असतात.

आधी ती अर्धशिशीच आहे का?

निमित्तं शोधण्याआधी दुखण्याचं नाव पक्कं करायला हवं, कारण मराठी घरांत अर्धशिशी बहुतेकदा 'पित्त' या नावाने नांदते. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, उलटीनंतर बरं वाटतं. म्हणजे पित्तच, यात कुणाला शंका येत नाही. माझ्या आईने आयुष्याची पंचवीस वर्षं पित्तावरची औषधं घेतली, मोरावळा खाल्ला, तुरीची डाळ बंद केली. तिला अर्धशिशी होती. मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे, आणि उलटीनंतर किंवा गाढ झोपेनंतर वेदना ओसरणं ही अनेक रुग्णांत दिसणारी गोष्ट आहे. पोट त्या दुखण्यात ओढलं जातं; दुखण्याचा उगम पोटात नसतो.

दुसरं लोकप्रिय नाव म्हणजे 'सायनस'. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सायनसची डोकेदुखी आहे असं स्वतः ठरवलेल्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या जवळपास तीन हजार लोकांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या निकषांत बसली. तिसरा संशय चष्म्याच्या नंबरवर. डोळे जरूर तपासून घ्या, पण नंबर बदलूनही दर पंधरा दिवसांनी आडवं व्हावं लागत असेल तर चष्म्याला सोडून द्या.

खूण अशी. दुखणं ठसठसतं, पुष्कळदा एका बाजूला असतं, जिना चढलं किंवा खाली वाकलं की वाढतं. उजेड आणि आवाज नकोसे होतात. उपचार केले नाहीत तर ते ४ ते ७२ तास टिकतं. 'अर्धशिशी' या नावातच अर्धं डोकं आहे, आयुर्वेदाच्या 'अर्धावभेदक' या नावातही आहे, आणि 'मायग्रेन' हा शब्दसुद्धा अर्धी कवटी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आला. तरी दोन्ही बाजूंना दुखलं म्हणून अर्धशिशी नव्हे, असं समजू नका. बऱ्याच जणांचं अख्खं डोकं दुखतं. काहींना डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा बोटांना मुंग्या येतात. त्याला 'ऑरा' म्हणतात, आणि तो साधारण ५ ते ६० मिनिटं राहतो.

भिंतीवरचं कॅलेंडर

अर्धशिशीची निमित्तं सांगणाऱ्या याद्या ढिगाने मिळतात. त्यातल्या बऱ्याच परदेशी. मुरवलेलं चीज, रेड वाइन, खारवलेलं मांस टाळा, असं त्यात लिहिलेलं असतं. वरण-भात-भाजी खाणाऱ्या बाईने ती यादी वाचली की तिला टाळण्याजोगं काही सापडत नाही, आणि मग ती चिडून टोमॅटोपासून दह्यापर्यंत सगळंच बंद करते. दुसऱ्याची यादी आपल्या उपयोगाची नसते. आपली आपण करावी लागते, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात लटकलेलं कॅलेंडर पुरतं. दुधाचे खाडे मांडायची जागा तिथे असतेच; शेजारी डोक्याचा हिशेब मांडा. छापील कॅलेंडरचा आणखी एक फायदा म्हणजे त्यावर तिथी, सण, एकादशी, चतुर्थी आयत्या छापलेल्या असतात. उपवासाशी दुखण्याचं नातं असेल तर दोन महिन्यांत नजरेला दिसतं.

लिहायचं थोडंच. दुखणं किती वाजता सुरू झालं, किती वेळ राहिलं, दहापैकी किती. रात्री किती झोप झाली. आदल्या दिवशीचं कुठलं जेवण चुकलं किंवा लांबलं. पाळीची तारीख. घेतलेली गोळी. आणि त्याआधीच्या २४ तासांत नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं: प्रवास, भांडण, ऊन, लग्न. लिखाण दुखण्याच्या दिवशीच करून भागत नाही. लोक इथेच चुकतात. डोकं दुखलं त्या दिवशी वांग्याची भाजी खाल्ली होती, एवढं लक्षात राहतं. वांगं खाऊनही डोकं न दुखलेले सहा दिवस लक्षात राहत नाहीत. चांगल्या दिवशीही दोन शब्द लिहा, म्हणजे निरपराध वांगं सुटेल. निदान दोन-तीन महिने लिहिल्याशिवाय निकाल देऊ नका. मग ज्याच्यावर संशय दाट असेल ती एकच गोष्ट महिनाभर बदलून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कधीच कळणार नाही.

सगळ्यांत वरची निमित्तं

एल. केलमन यांनी २००७ साली १,२०७ रुग्णांची निमित्तं तपासली. ताण ८० टक्के लोकांनी सांगितला. स्त्रियांपैकी ६५ टक्के जणींनी अंतःस्रावांतले बदल, तर एकूण रुग्णांपैकी ५७ टक्क्यांनी जेवण चुकणं, निम्म्यांनी झोपेतली गडबड सांगितली. विशिष्ट खाद्यपदार्थ सांगणारे २७ टक्केच निघाले. आपल्याकडे मात्र रुग्णाला पहिला प्रश्न येतो तो "काय खाल्लंस?" हाच. काय खाल्लंपेक्षा कधी खाल्लं हे विचारलं तर जास्त हाती लागेल.

उपवासाचंच पाहू. साबुदाण्याच्या खिचडीने पित्त होतं, असं आपण म्हणतो आणि साबुदाण्याला, दाण्याच्या कुटाला बोल लावतो. पण खिचडी ताटात पडते ती सगळं आवरून साडेबारा-एकला. रात्रीच्या जेवणापासून तोवर पंधरा-सोळा तास उलटलेले असतात. उपवास करणं न करणं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. करायचाच असेल तर सकाळी आठच्या आत राजगिऱ्याचा लाडू, दूध, केळं असं काहीतरी पोटात जाऊ द्या. दर दोन तासांनी पाणी प्या. निर्जळ उपवास अर्धशिशीच्या रुग्णाने करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आजारी माणसाला व्रतात सवलत देण्याची रीत जुनीच आहे. तिचा फायदा घ्यायला लाजू नका. डबा न खाता मीटिंगांमागून मीटिंगा करणाऱ्यांना आणि नाश्ता न करता शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हेच लागू. मुलांनाही अर्धशिशी होते. "शाळा बुडवायची नाटकं" म्हणण्याआधी मुलाने सकाळी काय खाल्लं होतं ते आठवून पाहा.

झोप कमी झाली तर डोकं दुखतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त झाली तरी दुखतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आठवडाभर सहाला उठणारा माणूस रविवारी साडेनऊपर्यंत लोळतो, पहिला चहा चार तास उशिरा घेतो, नाश्ता आणि जेवण एकातच उरकतो, आणि दुपारी डोकं धरून बसतो. शिवाय ताणाची एक खोड आहे. तो असताना गप्प बसतो आणि उतरला की दगा देतो. परीक्षा संपल्यावर, मुलीचं लग्न पार पडल्यावर, मार्चअखेरचे हिशेब जुळल्यावर डोकं उठतं ते यामुळे. म्हणून सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलवू नका. हवं तर दुपारी पडा.

चहाबद्दल दोन शब्द. थोडी चहा-कॉफी दुखण्यात आराम देते, हे खरं आहे. काही वेदनाशामक गोळ्यांत कॅफीन असतंच. पण दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचा चहा एकदम बंद झाला तर साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं. नववर्षाचा संकल्प म्हणून चहा एका झटक्यात सोडू नका. आठवड्याला एक कप कमी करत दोनवर या आणि त्या दोन कपांच्या वेळा पाळा.

अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळते, आणि यामागे इस्ट्रोजेनची घसरण हे मोठं निमित्त आहे. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. पाळी टाळता येत नाही, पण तिच्याभोवतीचा बाकीचा भार कमी करता येतो: त्या दिवसांत जागरण नको, लांबचा प्रवास शक्यतो नको, जेवण वेळेवर. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका. आणि ज्यांना ऑरा होतो त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी अशा स्त्रियांत पक्षाघाताचा धोका वाढतो.

आपल्याकडची खास निमित्तं

एक निमित्त परदेशी याद्यांत सहसा सापडत नाही. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली 'सेफॅलाल्जिया' या नियतकालिकात ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली. या सगळ्यांची अर्धशिशी डोक्यावरून न्हाल्याने उठत होती. "केस धुतले की माझं डोकं दुखतं" असं सांगणाऱ्या कितीतरी बायकांना घरात हसण्यावारी नेलेलं असतं; त्यांनी हे वाक्य डॉक्टरांपुढे जरूर उच्चारावं. लांब केस असतील तर उपाशीपोटी न्हाऊ नका, केस ओले बांधू नका, पाणी कोमट ठेवा, आणि न्हायचा दिवस कामाच्या धबडग्याचा निवडू नका.

ऊन हे दुसरं. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात, दुचाकीवर दुपारी बारा ते चार हिंडणं टाळता आलं तर टाळा. नाही टाळता आलं तर गॉगल, टोपी किंवा छत्री आणि पाण्याची बाटली. गॉगल मात्र घरात आल्यावर काढा. घरातही काळा चष्मा लावून बसलं की डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही बोचायला लागतो.

वासाचं काय करायचं हे घरातल्यांनाच ठरवावं लागतं. मिरचीचा खाट, अत्तर, उदबत्ती, नवा रंग, गाडीतलं सुगंधी द्रव्य. पूजेत एक उदबत्ती लावली काय आणि पाच लावल्या काय, देवाला फरक पडत नसावा. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती आणि डोळ्यांत घुसणारे झोत यांच्याविषयी वेगळं सांगायला नको. त्या रस्त्याने न जाणं एवढंच हातात असतं, आणि मंडळ आपल्याच गल्लीत असेल तर तेही नाही. हवामानातल्या बदलांचंही तसंच. वळवाआधीची घुसमट कुणाला थोपवता येते? अशा वेळी वर सांगितलेला विजेचा भार आठवा. ढग बंद करता येत नाहीत, पण त्या दिवशी इस्त्री आणि गीझर बंद ठेवता येतात.

निमित्त की चाहूल?

इथे एक फसगत होते. अर्धशिशी डोकं दुखायच्या कित्येक तास आधी, कधी आदल्या दिवशीच सुरू झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, वारंवार लघवीला होते, गोड खावंसं वाटतं. बाई चॉकलेट खाते, चार तासांनी डोकं उठतं, आणि चॉकलेट आयुष्यभरासाठी बदनाम होतं. खाण्याची ती इच्छाच येणाऱ्या दुखण्याची चाहूल असू शकते. मानेचंही तेच. "मान अवघडली म्हणून डोकं दुखलं" असं समजून लोक मानेला पट्टा लावतात. अनेकदा मान हा अर्धशिशीचा पहिला निरोप असतो. कॅलेंडरवर जांभया आणि मानही टिपून ठेवा. चाहूल ओळखता आली की हातातलं काम सोडून खायला, पाणी प्यायला आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेत घ्यायला सवड मिळते. दुखणं शिखरावर गेल्यावर घेतलेली गोळी अनेकदा उलटीतच जाते.

गोळ्यांची मोजदाद मात्र काटेकोर ठेवा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि संमिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणं असा फेरा सुरू होतो. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी ठेवून फिरणाऱ्यांनी सर्वांत आधी हे निमित्त तपासावं. कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी 'गो' लिहा आणि महिन्याच्या शेवटी मोजा.

आता टाळायचं किती, याचाही विचार हवा. सिनेमा नको, लग्न नको, बाजार नको, अमुक भाजी नको, असं करत करत काही जणांचं जग एका अंधाऱ्या खोलीएवढं उरतं. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ पॉल मार्टिन यांनी या सरसकट टाळण्यावरच बोट ठेवलं. प्रत्येक गोष्टीपासून पळत राहिलं तर ती सोसण्याची ताकदच कमी होते, काही निमित्तांना थोडं थोडं सामोरं जाऊन सराव करायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. भूक, जागरण आणि गोळ्यांचा अतिरेक यांच्याशी तडजोड नको. लग्नाला मात्र जा. पोटभर खाऊन जा, वाजंत्र्यांपासून लांबची खुर्ची पकडा आणि रात्री वेळेवर परत या.

महिन्यातून चार किंवा जास्त दिवस दुखण्यात जात असतील, तर नुसती निमित्तं टाळत बसू नका. दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं आहेत, अलीकडे इंजेक्शनंही आली आहेत. त्या कॅलेंडरची पानं घेऊन डॉक्टरांकडे जा. तपासणीच्या दहा मिनिटांत ती तुमच्यापेक्षा नीट बोलतील. आणि पुढची लक्षणं दिसली तर निमित्त शोधत न बसता थेट रुग्णालय गाठा: क्षणार्धात उठलेली, आयुष्यात कधी न झालेली असह्य डोकेदुखी, ताप आणि आखडलेली मान, हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा गरोदरपणात नव्याने उद्भवलेली डोकेदुखीही स्वतःच्या मनाने अर्धशिशी ठरवू नका.

घरातल्या इतरांना एक विनंती. आतल्या खोलीत कुणी पडलं असेल तर "आता काय खाल्लंस?" हे विचारायला दार उघडू नका. फोडणी थोड्या वेळाने द्या, टीव्हीचा आवाज कमी करा, उशाशी पाण्याचा तांब्या आणि उलटीसाठी एक भांडं ठेवा, आणि पुढच्या हरतालिकेला सकाळीच तिच्या हातात दुधाचा पेला द्या.